सुया गेल्या, फरशा आल्या

त्या सकाळी कारखान्यात सगळ्यात खूश होते ते घाईसाहेब. ते उत्पादन विभागाचे प्रमुख. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच. बाकी सगळे त्यांना पाठीमागे घाईसाहेब म्हणायचे, कारण दर दुसऱ्या वाक्याला 'जरा घाई आहे' म्हटल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. झटक्यांवरच्या औषधाची बॅच गाळायला घेतली की एरवी त्यांचं डोकं फिरायचं. केसासारखे बारीक स्फटिक गाळणीच्या कापडावर गादीसारखे दाबून बसत आणि द्राव खाली उतरायचं नाव घेत नसे. त्या दिवशी मात्र तो असा झरझर उतरला, की गाळणीवरच्या माणसाला हातातला चहा तसाच टाकून खालचं पिंप बदलायला धावावं लागलं.

"मॅडम, तुमच्या क्षाराला आज सुबुद्धी सुचली!" घाईसाहेब प्रयोगशाळेच्या दारातूनच ओरडले. "असाच वागला तर मी त्याला हार घालीन."

प्रयोगशाळेतल्या बाईंना कारखाना स्फटिकबाई म्हणायचा, आणि हे तोंडावरही म्हणायचा. औषधाच्या पुडीतले स्फटिक कसे आहेत, ते बघणं हे त्यांचं काम. झटक्यांचं हे औषध मूळचं पाण्याशी फटकून वागणारं. म्हणून एका आम्लाशी त्याची जोडी जमवून त्याचा क्षार केलेला होता. क्षार झाल्यावर ते पोटात नीट विरघळायला लागलं. घरी सासूबाई मात्र अजूनही शेजाऱ्यांना 'आमची सून मिठाच्या कारखान्यात आहे' असं सांगायच्या, आणि स्फटिकबाईंनी ती दुरुस्ती करायचा नाद केव्हाच सोडला होता.

घाईसाहेबांचा आनंद पाहून स्फटिकबाई मात्र सावध झाल्या. वर्षानुवर्षं आडमुठेपणा करणारी वस्तू एका सकाळी शहाण्यासारखी वागायला लागली, म्हणजे काहीतरी बिनसलं. त्यांनी चिमूटभर पूड काचेवर घेतली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. रोजच्या सुया नव्हत्याच. तिथे होत्या छोट्या छोट्या, काटकोनात कापल्यासारख्या, चकचकीत फरशा.

त्यांनी काच पुसली. दुसरी चिमूट घेतली. पुन्हा फरशाच. मग पूड क्ष-किरणांच्या यंत्रात ठेवली. पडद्यावर उमटणाऱ्या शिखरांची ओळ त्यांना स्वतःच्या सहीइतकी पाठ होती. आज आलेली ओळ त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

त्या पुडीच्या चाचणीपुरत्या गोळ्या पाडल्या आणि एक गोळी पोटातल्या रसासारख्या कोमट द्रवात सोडली. खाली पातं फिरत होतं. जुनी गोळी अशा वेळी बघता बघता ढगासारखी विस्कटायची. ही फुटली, पण तिची पूड तळाशी वाळूसारखी बसून राहिली. पातं गरगर फिरत होतं आणि पूड ढिम्म.

"बॅच अडवा," त्यांनी फोनवर सांगितलं. "बाजारात एक कणही जाता कामा नये."

"अहो, पण शुद्ध आहे ना? सगळ्या तपासण्यांत पास झालीय," घाईसाहेब म्हणाले.

"शुद्ध आहे. औषध तेच आहे, आम्लही तेच आहे. पण विरघळत नाही. झटके येणाऱ्या माणसाला ही गोळी दिली, तर ती पोटातून फिरून तशीच बाहेर पडेल आणि झटका यायचा तो येईलच."

घाईसाहेब समोर येऊन बसले. त्यांना समजावणं हे एक वेगळंच काम होतं, पण ते केल्यावाचून गत्यंतर नव्हतं. स्फटिकबाईंनी टेबलावरच्या खडूच्या पेटीतले खडू काढले, उभे-आडवे रचून दाखवले.

"समजा, या विटा आहेत. या अशा सैलसर रचल्या तर एक भिंत होते. त्याच विटा अशा घट्ट बसवल्या तर दुसरी होते. विटा त्याच, भिंत वेगळी. आपल्या सुया म्हणजे सैल भिंत, पाण्यानं लगेच ढासळणारी. या फरशा म्हणजे घट्ट भिंत. पाणी धडका देत बसतं."

"मग सैल भिंत बांधा. इतकी वर्षं बांधत होतोच की!"

"तेच करायचंय," त्या म्हणाल्या. तेव्हा त्यांनाही ते अवघड वाटलं नव्हतं.

पुढचे आठवडे त्या एका वाक्यानं खाल्ले. टाकी घासली, उकळली, पुन्हा घासली. फरशाच आल्या. द्रावक बदललं, फरशा आल्या. भराभर थंड करून पाहिलं, अगदी हळूहळू थंड करून पाहिलं. दही लावताना विरजण घालावं तशा जपून ठेवलेल्या जुन्या सुया द्रावात बी म्हणून सोडल्या. त्या सुया क्षणभर दिसल्या, मग त्यांच्या अंगाखांद्यावर फरशा धरायला लागल्या आणि दुपारपर्यंत सुयांचा मागमूस उरला नाही. स्फटिकबाई सूक्ष्मदर्शकातून ते सगळं डोळ्यांदेखत बघत होत्या आणि त्यांना हात चोळण्यापलीकडे काही करता येत नव्हतं.

घाईसाहेब दर सकाळी दारात हजर. "आली का सुई?"

"नाही."

"जरा घाई आहे हो, मॅडम."

"मला ठाऊक आहे."

"गोदामातला जुना साठा संपत आलाय."

"तेही ठाऊक आहे."

शेवटी एका सकाळी त्यांनी विचारलंच, "पण असं झालं कसं? काल जमत होतं ते आज का जमत नाही?"

स्फटिकबाई थकल्या होत्या. थकलेल्या माणसानं सविस्तर बोलू नये, पण त्या बोलल्या. "या रेणूंना घट्ट बसायची जागा कुठंतरी, कधीतरी सापडली. एकदा सापडली की झालं. त्या घट्ट रूपाचा एक कण, डोळ्याला न दिसणारा, द्रावात पडला की बाकीचे त्याच्याकडे बघून तसेच बसतात. आणि आता ते कण सगळीकडे आहेत. नळीत, हवेत, कपड्यांवर."

"म्हणजे कारखान्याला लागण झालीय?"

"तसंच समजा."

हे 'तसंच समजा' त्यांच्या अंगाशी आलं. संध्याकाळच्या आत फतवा निघाला. फरशांची पूड सगळ्यात जास्त कुणी हाताळली? स्फटिकबाईंनी. मग त्यांनी उत्पादनाच्या इमारतीत पाऊल ठेवायचं नाही. प्रयोगशाळेतही नाही, कारण दोन्हींचा जिना एकच. त्यांची खुर्ची फाटकाजवळच्या खोलीत हलवली गेली. तिथे रिकामी खोकी रचलेली होती आणि खिडकीतून फक्त सायकली लावायचा मांडव दिसायचा. ज्या बाईनं दुखणं ओळखलं, तिलाच वाळीत टाकलं.

"अहो, कण तुमच्या बुटांवर पण आहेत!" त्या घाईसाहेबांना म्हणाल्या. "बॅच पिंपात भरताना तुम्ही स्वतः वाकून हुंगत होतात!"

"मी बूट पुसतो की," घाईसाहेब म्हणाले.

घरी नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि उगाच वातावरण हलकं करायला गेला. "मग मी पण जरा लांबूनच जेवायला बसू का?"

त्यांनी ताटावरून नजर उचलली तेव्हा त्याला कळलं, की आज गंमत करायचा दिवस नाही. तो मुकाट्यानं उठून पाणी घेऊन आला. थोड्या वेळानं म्हणाला, "माझ्या बहिणीला विचार ना. तिच्या कॉलेजात तुमच्या कारखान्याचा वारा पण पोचलेला नसेल."

स्फटिकबाईंची नणंद दुसऱ्या गावात कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. तिखट जिभेची, हाताची पक्की, आणि वहिनीशी बोलताना दर खेपेला 'तुमच्या पैसेवाल्या प्रयोगशाळा' असा टोमणा मारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दोघींचं पटायचं, पण भांडत भांडत. कंपनीची रीतसर परवानगी मिळाली. अट स्फटिकबाईंनी घातली: मूळ औषध आणि आम्ल पुरवठादाराकडून थेट कॉलेजात जाईल, कारखान्याच्या कुणाचाही हात त्याला लागणार नाही, आणि इथून कुणीही तिकडे फिरकणार नाही. त्या स्वतःसुद्धा नाही.

आयुष्यभर जे हातांनी केलं, ते आता फोनवरून दुसऱ्याच्या हातांनी करवून घ्यायचं होतं.

"आधी औषध विरघळव. पूर्ण. एक कण राहिला तरी चालणार नाही."

"वहिनी, मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच शिकवते."

"आता आम्ल थेंबाथेंबानं. घाई करू नकोस."

"करत नाहीये. तुझंच श्वास घेणं इकडे ऐकू येतंय, जरा खुर्चीत बस."

"गढूळ झालं का?"

"नाही."

"आता?"

"वहिनी, भात शिजतोय का ते झाकण उघडून बघतेस तसं करू नकोस. झालं की सांगते."

खोक्यांच्या खोलीत स्फटिकबाई फोन कानाला लावून उभ्या होत्या. पलीकडे ढवळणीची घरघर ऐकू येत होती. मग ती घरघर जड झाली, अडखळली.

"अगं, हे काय?" नणंदेचा आवाज चढला. "कापूस झालाय नुसता! ढवळणी फिरेना. पांढरी लोकर भरल्यासारखं दिसतंय भांडं."

स्फटिकबाईंनी खोक्यावरची वही ओढली. "वितळवून बघ. चिमूटभरच. कुठल्या तापमानाला वितळतंय ते सांग."

फरशा उशिरा वितळत, सुया लवकर. नणंदेनं आकडा सांगितला. तो सुयांचा होता. स्फटिकबाईंच्या तोंडून हसू आणि हुंदका एकदमच बाहेर पडला, आणि नेमकं त्याच वेळी खोलीत खोकं ठेवायला आलेला माणूस गोंधळून खोकं बाहेरच ठेवून निघून गेला.

ही बातमी त्यांनी वर कळवली, हीच त्यांची चूक म्हणायची तर म्हणा. न कळवून करणार तरी काय? सोबत ठळक अक्षरांत लिहिलं: नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत तपासायला पाठवावा, कॉलेजात कुणीही जाऊ नये. वाचणाऱ्याला 'जमलं' एवढंच दिसलं असावं. दुसऱ्या दिवशी दुपारी नणंदेचा फोन आला. तिचा आवाज थंड होता, आणि ती थंड बोलली की समजावं, काहीतरी भयंकर घडलंय.

"काल संध्याकाळी तुमचे एक साहेब आले होते."

"कोण साहेब?"

"टाय लावलेले. म्हणाले, जरा घाई आहे. मी दारात अडवलं. मी वळते ना वळते तोच आत येऊन भांड्यावर वाकले. टायचं टोक आत जाता जाता राहिलं. माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं आणि नमुना खिशात घालून गेले. खिशात, वहिनी!"

"त्यानंतर तू पुन्हा काही केलंस?"

"आज सकाळी केलं. सगळं तसंच. तीच भांडी, तेच द्रावक."

"आणि?"

"फरशा," नणंद म्हणाली. "सुरेख आहेत. मुलांना दाखवायला ठेवते. माझ्या या प्रयोगशाळेत आता तुमच्या सुया कधी होतील असं मला वाटत नाही."

स्फटिकबाईंनी फोन खाली ठेवला. त्या उठल्या, फाटकाजवळच्या खोलीतून निघाल्या आणि बंदी असलेला जिना चढून थेट बैठकीच्या खोलीत शिरल्या. तिथे घाईसाहेब होते आणि डॉक्टरीणबाई होत्या. डॉक्टरीणबाई म्हणजे कंपनीच्या वैद्यकीय प्रमुख, वयानं सगळ्यांत मोठ्या, कमी बोलणाऱ्या. टेबलावर एका पाकिटात नमुना होता. घाईसाहेबांनी आल्या आल्या तो उघडून सगळ्यांना दाखवला होता.

"मॅडम, तुम्ही इथे येणं बरोबर नाही," घाईसाहेब अर्धवट उठले. "लागण..."

"लागण तुम्ही नेलीत!" स्फटिकबाई ओरडल्या. कारखान्यात त्यांचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. "जगात एक जागा उरली होती जिथे ती सुई होत होती. मी स्वतः गेले नाही. फोनवर ओरडून ओरडून घसा बसला माझा, पण गेले नाही. आणि तुम्ही बूट पुसून गेलात! ते पाकीट आता तपासून बघा. अर्धं तरी फरशा झालं असेल."

"मला फक्त खात्री करायची होती," घाईसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज इतका लहान झाला होता, की स्फटिकबाईंना त्यांच्यावर आणखी ओरडताही येईना, आणि त्यामुळे त्या जास्तच चिडल्या.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुला काय वाटतं? परत मिळेल?"

"नाही. सुई गेली. आणखी कुठे टाकी उभारली तरी आज ना उद्या तिथेही फरशाच होतील. एवढे दिवस आपण गेलेल्या गोष्टीच्या मागे धावतोय. स्फटिक करायचा म्हटलं की तो फरशीच होणार, आणि फरशी पोटात विरघळत नाही. आधीच विरघळलेलं असतं तर रूपाची कटकटच नव्हती, पण आपल्याला गोळी हवी! सगळ्यांना गोळीच हवी!"

हे त्यांनी वैतागून म्हटलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मात्र पेन खाली ठेवलं.

"गोळीच हवी असं कुणी सांगितलं?"

घाईसाहेब पुन्हा खुर्चीत बसले.

"विरघळवूनच देता येईल का? बाटलीतून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

स्फटिकबाई हळूच म्हणाल्या, "येईल. ते ज्यात विरघळेल असं द्रावक शोधावं लागेल. चव भयंकर असेल. आणि बाटली गार ठेवली तर तळाशी स्फटिक धरतील."

"म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायची नाही, एवढं ठळक छापू. झटके चवीनं येत नाहीत. कामाला लाग. आणि स्वतःच्या प्रयोगशाळेत लाग, त्या खोक्यांत नको."

गोळी बाजारातून गेली आणि बाटली आली. चव खरोखरच भयंकर होती. आधी कडू, मग जिभेच्या मागे रबर जळल्यासारखी, आणि ती पाण्यानं जात नसे. सुरुवातीचे दिवस कंपनीत इतके फोन आले, की उत्तरं द्यायला प्रयोगशाळेतल्यांनाही बसवलं. स्फटिकबाईंच्या वाट्याला एका मुलीचे वडील आले.

"माझी मुलगी ते औषध थुंकून टाकते," ते म्हणाले. "गोळी निमूट घ्यायची. गोळी बंद का केलीत?"

त्या सांगायला लागल्या. औषध बदललेलं नाही, फक्त त्याचे स्फटिक वेगळ्या रचनेत व्हायला लागले, आणि ते...

"ताई, मला ते समजत नाही. ती गोळी तुम्हीच करत होतात ना?"

"हो."

"मग तीच करा की. इतक्या शिकलेल्या माणसांना एक गोळी पुन्हा करता येत नाही?"

स्फटिकबाईंच्या मनात विटा आल्या, भिंती आल्या, अदृश्य कण आले. त्यातलं काहीच त्या माणसाच्या उपयोगाचं नव्हतं.

"नाही येत," त्या म्हणाल्या. "खूप प्रयत्न केला. नाही येत."

मग ते म्हणाले, "बरं. मग घशाखाली कसं घालायचं तेवढं तरी सांगा."

तेही कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी स्वतः चमचाभर औषध घेऊन वेगवेगळ्या गोष्टींबरोबर गिळून पाहिलं असतं, पण झटक्यांचं औषध असं उगाच कुणी घेत नाही. मग त्यांनी तसंच जहाल कडू पण निरुपद्रवी पाणी तयार करून घेतलं आणि ते प्रयोगशाळेतल्या सगळ्यांना पाजलं. तोंड वेडंवाकडं करत, एकमेकांना शिव्या घालत त्यांनी ठरवलं, की आधी बर्फाचा खडा चघळायचा, जीभ बधिर झाली की औषध गिळायचं, आणि लगेच चमचाभर घट्ट मध. घाईसाहेबांनी तो प्रयोग सगळ्यात जास्त वेळा केला, कुणी सांगितलेलं नसताना. स्फटिकबाईंनी त्या वडिलांना फोन करून हे कळवलं. मुलीनं अर्धं गिळलं, अर्धं सांडलं, असं ते नंतर म्हणाले. मग पुढच्या वेळी सगळं गिळलं.

दरम्यान नवा क्षार शोधायचं काम सुरू झालं. मूळ औषध तेच, जोडीला वेगवेगळी आम्लं लावून पाहायची. या वेळी स्फटिकबाई अडून बसल्या: आधी त्याची सगळी रूपं शोधायची, मगच गोळीचं नाव काढायचं. त्यांनी ते क्षार गरम केले, गोठवले, दळले, ओल्या हवेत ठेवले, महिनोन्‌महिने बाटल्यांत विसरल्यासारखे ठेवून दिले. नणंदेला त्यांनी रीतसर सल्लागार म्हणून घेतलं. ती सुट्टीत येऊन राहायची आणि घरी जेवताना वहिनीच्या पद्धतीतल्या चुका सासूबाईंना समजावून सांगायची. सासूबाई दोघींच्याही बाजूनं मान हलवायच्या.

काही क्षार ओलावा पिऊन चिखल झाले. एकाची रूपं मोजता मोजता नाकी नऊ आले. घाईसाहेब दारात येत, तोंड उघडत आणि काही न विचारता परत जात. त्यांचं ते न विचारणं स्फटिकबाईंना विचारण्यापेक्षा जड जायला लागलं. एकदा त्याच म्हणाल्या, "विचारा हो. तुम्ही न विचारता उभे राहता तेव्हा मला काम सुचत नाही."

"कधी होईल?" घाईसाहेबांनी लगेच विचारलं.

"माहीत नाही."

"बरं," ते म्हणाले आणि हलके होऊन गेले.

शेवटी एक क्षार टिकला. त्याचं सगळ्यात घट्ट रूपसुद्धा पोटात विरघळत होतं, म्हणजे तो कितीही शहाणा झाला तरी बिघडणार नव्हता. गोळी तयार झाली, माणसांवरच्या चाचण्या झाल्या. बाजारात पाठवायच्या कागदावर सही करण्यापूर्वी डॉक्टरीणबाईंनी स्फटिकबाईंना बोलावलं.

"किती रूपं आहेत याची?"

"सापडली ती तीन."

"आणि न सापडलेली?"

स्फटिकबाईंना राग आला. प्रश्नाचा नाही, डॉक्टरीणबाईंचाही नाही. एवढा शोध घेऊनही या प्रश्नाचं उत्तर हातात नाही, याचा.

"तीनपेक्षा घट्ट काही असेल असं वाटत नाही. गणितही तेच सांगतं. पण 'नाही' असं मी लिहून देणार नाही. मागच्या वेळीही कुणाला वाटलं नव्हतं."

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढून सही केली.

"घरी जा आता," त्या म्हणाल्या. "उद्या उशिरा आलीस तरी चालेल."

स्फटिकबाई प्रयोगशाळेत परतल्या. चौथं रूप मिळतंय का ते बघायला लावलेल्या बाटल्या फळीवर ओळीनं उभ्या होत्या. त्यांनी एकेक बाटली दिव्यापुढे धरून पाहिली. कशातच काही नवं नव्हतं. मग त्यांनी यंत्र बंद केलं, अंगातला कोट खुंटीला लावला आणि घराची वाट धरली.